खारे पाणी, आंबट त्वचा

शिरोड्याचे नाव निघाले की कुणाला वि. स. खांडेकरांची शाळा आठवते, कुणाला वेळागरचा किनारा, तर जुन्या माणसांना १९३० चा मिठाचा सत्याग्रह. ज्या मिठागरांवर तो सत्याग्रह झाला तिथे पूर्वीइतके नसले तरी मीठ अजून पिकते. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, वाफे चोपून घ्यायचे, खाडीचे पाणी आत घ्यायचे, उन्हाने ते आटवायचे आणि तळाशी धरलेले मीठ लाकडी फळीने ओढून ढीग घालायचे. हे काम पहिल्या पावसापर्यंत चालते. इतिहासात मिठागराची नोंद झाली, मिठागरात उतरणाऱ्या पायांची मात्र फारशी कुणी घेतली नाही.

हे पाय ज्या पाण्यात असतात ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही फार वेगळे असते. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के. वाफ्यात मीठ धरू लागते तेव्हा तेच पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलेले असते. असे पाणी त्वचेतला ओलावा ओढून घेते. मिठाचे खडे पायाला घासतात, बारीक बारीक ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत पुन्हा तेच पाणी जाते. संध्याकाळी घरी आल्यावर पायावर पांढरी खार चढलेली असते, कातडी ताठ झालेली असते, चरचरत असते. मग न्हाणीत जे हाताशी असेल त्याने पाय घासले जातात. बहुतेक वेळा ती कपडे धुण्याच्या साबणाची वडी असते, कारण ती स्वस्त असते आणि तिने ‘खार निघते’ असा समज असतो.

मीठ हे रसायनाच्या भाषेत उदासीन. ते आम्लही नाही आणि अल्कही नाही. दिवसभर खाऱ्या पाण्याने त्वचेचे जे नुकसान केले ते कोरडेपणाचे आणि घर्षणाचे. साबणाने संध्याकाळी केले ते वेगळ्या जातीचे. खार पाण्यात सहज विरघळते, तिला काढायला गोडे पाणी पुरे असते. साबणाने खार जास्त निघत नाही. निघते ते त्वचेवरचे आम्ल आणि तेल.

त्वचेला आम्ल असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. शहरातल्या दुकानांत ‘पीएच बॅलन्स्ड’ असे लिहिलेल्या महागड्या बाटल्यांनी हा विषय इतका ताब्यात घेतला आहे की पीएच म्हणजे श्रीमंतांच्या चेहऱ्याची काहीतरी भानगड, असे सामान्य माणसाला वाटू लागले आहे. पण पीएच प्रत्येकाच्या त्वचेला आहे. तो बिघडल्याची किंमत वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यापेक्षा मिठागरात, मासळी बाजारात, काजूच्या कारखान्यात आणि भाताच्या खाचरात काम करणारे हात-पाय कितीतरी जास्त मोजतात.

पीएच हे माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने काढले. ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कंपनीची होती. शून्य ते चौदा अशी ही पट्टी. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, समुद्राचे पाणी ८.१, खाण्याचा सोडा पाण्यात घातला की आठाच्या थोडा वर, चुलीतल्या राखेचे पाणी दहाच्याही पुढे. या पट्टीची गोम अशी की एक आकडा म्हणजे दहापट फरक. त्वचेचा पीएच पाच आणि साबणाच्या फेसाचा दहा, तर हा फरक दुपटीचा नव्हे, एक लाखपटीचा आहे.

आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. त्वचेचा मात्र साडेचार ते साडेपाचच्या आसपास. म्हणजे आतून बाहेर येताना शरीर आंबट होत जाते. हा सगळा बदल त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात होतो, आणि अंगाच्या बहुतेक भागावर तो थर कागदापेक्षाही पातळ असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी या आंबटपणाला ‘आम्लाचे आवरण’ असे नाव दिले. नाव जरा फसवे आहे. वरून पांघरलेली चादर असावी तसे ते नसते. घामातले लॅक्टिक आम्ल, तेलग्रंथींच्या स्रावातून सुटणारी मेदाम्ले आणि मरणाऱ्या पेशींमधल्या प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारी आम्ले या सगळ्यांनी मिळून तो थरच आंबट झालेला असतो.

हा आंबटपणा कशासाठी? त्वचेची वरची बाजू म्हणजे विटांची भिंत धरली, तर मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले सेरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना तयार करणारी विकरे पीएच पाच-साडेपाचला चांगली चालतात. पीएच सातकडे सरकला की ती मंदावतात. त्याच वेळी विटांना एकमेकींपासून सोडवणारी विकरे मात्र जोरात चालू लागतात. बांधणारा गवंडी सुट्टीवर आणि पाडणारा कामावर, अशी अवस्था होते. भिंतीला फटी पडतात, आतले पाणी उडून जाते, बाहेरचे जंतू आत येतात. गळवे आणि पुवाचे फोड आणणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला उदासीनकडे झुकलेली त्वचा मानवते, आणि त्याला हुसकावून लावणाऱ्या निरुपद्रवी जंतूंना आंबट त्वचा. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर ज्या जागी पीएच चढलेला असतो तिथेच हा जंतू ठाण मांडून बसलेला बहुधा सापडतो.

निरोगी त्वचा एवढ्याने हार मानत नाही, हेही सांगायला हवे. साबणाने आंघोळ केल्यावर चढलेला पीएच काही तासांत पुन्हा खाली येतो. दिवसातून एकदा साबण लावणाऱ्या, सावलीत काम करणाऱ्या, तरुण माणसाने साबणाच्या वडीला घाबरायचे कारण नाही. प्रश्न येतो तो खाली यायला सवडच न मिळणाऱ्यांचा. मासळी विकणाऱ्या बाईचे हात पहाटेपासून बर्फात, पाण्यात आणि खवल्यांत असतात, आणि वास जावा म्हणून ती दिवसातून आठ-दहा वेळा साबणाने हात धुते. मिठागरातल्या माणसाच्या पायाला रोज तेच. मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते, घाम कमी येतो, त्वचा आधीच कोरडी पडलेली असते. टाचेला भेग पडते, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, भेगेतून जंतू शिरतो आणि एक दिवस पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत असे पाय कायम असतात. त्यांतल्या काहींची बोटे वाचत नाहीत.

म्हणून मिठागराच्या कडेला गोड्या पाण्याचा एक पिंप किंवा नळ असावा, ही मागणी साधी वाटली तरी वैद्यकीय आहे. काम संपल्यावर तिथेच पाय नुसत्या गोड्या पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे केले आणि ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवला, तर अर्धे काम होते. गमबूट हवेत, ते मापाचे हवेत आणि आतून कोरडे राहणारे हवेत. आत खारे पाणी साचलेला गमबूट अनवाणी पायापेक्षा वाईट.

वेंगुर्ला तालुक्यात आणखी एक धंदा हातांची परीक्षा पाहतो, तो काजूचा. काजूच्या टरफलातल्या चिकात अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. तो हाताला लागला की कातडी भाजते, काळी पडते, सोलते. इथे ‘आम्ल चांगले, अल्क वाईट’ हे सोपे सूत्र कोलमडते, कारण भाजणारा पदार्थ नावानेच आम्ल आहे. काजू फोडणाऱ्या बाया पूर्वापार हाताला राख किंवा तेल लावत आल्या आहेत. राखेने चीक शोषला जातो हे खरे, पण राख ही कडक अल्क आहे. एकेकाळी राखेच्याच पाण्यातून साबण बनवत. दिवसभर राखेत बुडवलेला हात चिकापासून वाचतो आणि राखेने फाटतो. या दोहोंत तेल उजवे, आणि तेलापेक्षा चांगला हातमोजा उजवा. राखेची सवय मोडणे अवघड जाते, कारण तेलकट हातातून काजू निसटतो आणि फोडण्याची मजुरी मोजूनमापून मिळते. डॉक्टरच्या सल्ल्यात हा हिशेब धरलेला नसेल तर तो सल्ला दारातच राहतो.

आता साबणाकडे. साबण म्हणजे तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून बनवलेला क्षार. त्याचा पीएच नऊ-दहाच्या खाली आणता येत नाही. आणायला गेले तर साबणाचे पुन्हा मेदाम्ल होते आणि वडीचा फेसच जातो. तेव्हा ‘पीएच ५.५ चा साबण’ म्हणून जी वडी विकली जाते ती रासायनिकदृष्ट्या साबण नसतेच. ती वेगळ्या फेसकांची बनवलेली असते. हे वाईट आहे असे नाही. उलट इसब असलेल्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी ती बरी. पण ती साध्या साबणाच्या कितीतरी पट महाग असते.

जानेवारी २०२१ मध्ये या आकड्यांवरून मोठे रण माजले होते. सेबामेडने आपल्या जाहिरातींत लक्स आणि पिअर्सचा पीएच दहा, डव्हचा सात आणि स्वतःचा साडेपाच असे जाहीर केले आणि शेजारी कपडे धुण्याच्या रिनचा दहा हा आकडा ठेवला. हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. जाहिराती चालू राहिल्या, कपड्यांच्या साबणाशी केलेली तुलना मात्र काढावी लागली. दोन कंपन्यांच्या या भांडणात ग्राहकाला पहिल्यांदाच एक उपयोगी माहिती फुकटात मिळाली, आणि भांडण मिटल्यावर ती पुन्हा गायब झाली. आजही अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, छापलेले असते. ७६ टक्के म्हणजे पहिली प्रत, ७० म्हणजे दुसरी, ६० म्हणजे तिसरी. लोक तो आकडा पाहून साबण ‘सौम्य’ ठरवतात. टीएफएम जास्त असणे चांगलेच, पण त्याने पीएच कमी होत नाही. पहिल्या प्रतीचा साबणही नऊ-दहाच असतो. वेष्टनावर टीएफएमच्या शेजारी पीएच छापायला एक ओळ लागेल. ती सक्तीची व्हावी. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापतात, मग रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूबद्दल एवढा संकोच कशाला?

साबणाचा कंटाळा आलेली मंडळी मग स्वयंपाकघराकडे वळतात. लिंबू, सोडा, बेसन, ताक, हळद. लिंबू आम्ल आहे म्हणून त्वचेला चांगले, हा तर्क घातक आहे. त्याचा पीएच त्वचेच्या कितीतरी खाली असतो. शिवाय लिंबाच्या सालीतली काही द्रव्ये अंगावर राहिली आणि त्यावर कोकणातले ऊन पडले की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. सोड्याने घामाचा वास जातो, पण काखेत रोज सोडा चोळणाऱ्याची काख काही आठवड्यांत लाल होते. काख, जांघ, पायाच्या बोटांच्या बेचक्या इथे पीएच मुळातच इतर त्वचेपेक्षा चढा असतो, म्हणून तर चिखल्या आणि गजकर्ण तिथेच फोफावतात. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत हे दोन आजार घरोघरी दिसतात. त्यावर साबणाचा मारा करणे म्हणजे बुरशीला अंथरूण घालून देणे. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून मागून आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवरून मिळतात, आणि खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणसे ती पुन्हा पुन्हा आणतात. बुरशी आत पसरत राहते. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

रिठा आणि शिकेकाई यांच्याबद्दल मात्र आजीचे बरोबर होते. दोघांचा फेस साबणासारखा अल्क नसतो, सौम्य आम्लधर्मी असतो. डोळ्यांत गेला तर झोंबतो एवढेच. खोबरेल तेलाला तर पीएचच नसतो, कारण पीएच पाण्यात मोजतात आणि तेलात पाणी नाही. तेव्हा ‘पीएच संतुलित तेल’ असे कुणी विकत असेल तर त्याला हसून पुढे जावे. तेलाचे काम भिंतीच्या फटी तात्पुरत्या बुजवण्याचे. फिलिपीन्समध्ये ११७ इसबग्रस्त मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांनंतर खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. सिंधुदुर्गात ज्याच्या परसात माड आहेत त्याला हे सांगायला फिलिपीन्सपर्यंत जावे लागते, यात काळाचा थोडा विनोद आहे. तेल लावायची वेळ मात्र महत्त्वाची. आंघोळीआधी चोळलेले तेल साबण धुऊन नेतो. आंघोळीनंतर अंग टिपून, ओल आहे तोवर लावलेले तेल ती ओल आत धरून ठेवते.

नवजात बाळाची गोष्ट निराळी आहे. जन्मतः त्याच्या त्वचेचा पीएच उदासीनच्या जवळ असतो आणि पहिल्या दिवसांत, आठवड्यांत उतरत उतरत पाचाकडे येतो. ते आंबट होणे हे बाळाचे पहिले मोठे कामांपैकी एक आहे, फक्त दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान चोवीस तास पुढे ढकलायला सांगते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ-माखू घालण्याचा सोहळा फार प्रेमाचा असतो; कढत पाणी, बेसन, साय, लव जावी म्हणून कणकेच्या गोळ्याने चोळणे. तेल, हाताची ऊब आणि मायेचे बोलणे यांतले काहीही सोडू नये. चोळणे आणि साबण तेवढे सोडावेत. लंगोटाच्या जागी लाल चट्टा येतो तोही पीएचचाच खेळ. शीमधले जंतू लघवीतून अमोनिया बनवतात, पीएच चढतो आणि शीमधलीच पाचक विकरे त्वचा खाऊ लागतात. त्यावर पावडर फासण्यापेक्षा लंगोट लवकर बदलणे, नुसत्या पाण्याने धुणे आणि थोडा वेळ उघडे ठेवणे हा उपाय आहे.

आंघोळीच्या बादलीत जंतुनाशकाचे झाकणभर ओतण्याची सवय कोरोनानंतर बऱ्याच घरांत मुक्कामाला राहिली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आले नाही. त्वचेवरचे बहुतेक जंतू भाडेकरू आहेत, चोर नव्हेत. त्यांना रोज घराबाहेर काढले तर रिकाम्या घरात कोण शिरेल हे सांगता येत नाही.

आणि म्हातारपण. साठी-सत्तरी ओलांडली की तेलग्रंथी थकतात, पीएच हळूहळू चढतो, भिंत सावरायला वेळ लागतो. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसाला न्हाणीतल्या चुलीवर तापलेल्या कढत पाण्याचे सुख सोडवत नाही, कारण त्याने खाज तेवढ्यापुरती शमते. रात्री ती दुपटीने उठते. नडग्यांवर कोरड्या शेताला पडाव्यात तशा भेगा दिसतात, अंथरुणावर कोंडा पडतो, झोप होत नाही, घरचे खरुज समजून दूर झोपतात. रुग्णालयात अशा आजोबांना खाजेची गोळी दिली जाते. ती गोळी गुंगी आणते, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खाजेवर उपचार घ्यायला आलेला माणूस मोडलेले खुब्याचे हाड घेऊन परत येतो. याच आजोबांना कोमट पाणी, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना, आणि आंघोळीनंतर व्हॅसलिन किंवा खोबरेल असे सांगितले आणि सोबत औषधांच्या खिडकीवरून व्हॅसलिनची एक मोठी डबी दिली, तर पुष्कळांना गोळी लागणार नाही. पाढऱ्या व्हॅसलिनला ना सुगंध, ना जाहिरात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते किलोच्या हिशेबाने आणि बारमाही असायला हवे, ताप आणि खोकल्याच्या औषधांइतकेच गृहीत धरलेले. मागणीपत्रात त्याची ओळ सगळ्यात शेवटी असते आणि निधी संपला की तीच आधी खोडली जाते.